शिवांजलीच्या आतड्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक लहान आतडं आहे, पलूसच्या शिवांजलीचं. नावाला लहान, पण मोठ्या आतड्यापेक्षा कितीतरी लांब. माझ्या आतल्या अंगाला मखमलीसारखी लव असते. अन्नातला कस उचलून रक्ताला द्यायचा, हे तिचं काम. ते मी कधी बोभाटा न करता केलं. कौतुक मात्र नेहमी जिभेचं झालं!

शिवांजली पोलीस भरतीसाठी कालव्याच्या रस्त्यानं पळायची. हळूहळू तिला धाप लागू लागली, पोट फुगू लागलं, जुलाब थांबेनात. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी घशातून दुर्बीण घातली, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझं रूप पाहिलं. मी सुजलो होतो, लव झडली होती.

"हिला गहू सोसत नाही. चपाती, रवा, मैदा जन्मभर बंद. हेच औषध," बाई म्हणाल्या.

"आवं, घरचा गहू आसून पोरीनं नुसती भाकरीच खायाची व्हय?" शिवांजलीची आई हरणाबाई कळवळली.

भाकरी सुरू झाली. सूज उतरायची मी वाट बघत राहिलो, पण घासागणिक आग व्हायची. मला डोळे नाहीत. भाकरी म्हणून आलेली ती भाकरी, एवढंच मला ठाऊक. भरती तोंडावर आली आणि शिवांजली पळता पळता मधेच खाली बसू लागली.

एके दिवशी आई रानात गेली, म्हणून दळण घेऊन तीच गिरणीत गेली. गिरणीवाला लालासाहेब डब्यात डोकावून म्हणाला, "आगं, ह्यात गहू कुठाय? तुझी आई तर दर खेपंला ज्वारीत मिसळूनच आणती."

डबा तिथंच ठेवून ती घरी आली. आई नुकतीच रानातून परतली होती.

"आई, भाकरीत गहू घालत हुतीस?"

"आगं, मूठभरच. नुसत्या ज्वारीवर पळणार कशी तू? अंगात ताकद नगं?"

"परक्यानं वाढलं आसतं तर मी धा वेळा इचारलं आसतं. तुज्या हातचं म्हणून इचारलं न्हाई."

त्या वर्षीची भरती हुकली ती हुकलीच.

आता घरात ज्वारीपुरती वेगळी घरघंटी आहे. माझी लव हळूहळू परत उगवते आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला काही सोसत नसेल, तर मायेपोटीसुद्धा त्याला फसवू नका हो. आई ताट वाढते, तेव्हा शिवांजली अजूनही भाकरी मोडून आधी उजेडात धरते. आणि हरणाबाई तिकडं पाठ करून चूल फुंकत बसते, चूल चांगली पेटलेली असली तरी.