खाली ठेवलेला कप

पाहुण्याने कॉफीचा कप ओठांना न लावता समोर ठेवला, की सौदीतल्या उनैझा गावात कोणाला काही विचारावं लागत नाही. पाहुणा मागायला आलाय. मग यजमान म्हणतो, "प्या, तुमचं काम झालं." एकदा तोंडातून गेलं की गेलं.

फहैदला या रीतीचा भारी अभिमान. जुन्या बैठकीचं त्याने छोटं संग्रहालय केलं होतं. तिथे पितळेच्या कॉफीच्या सुरया होत्या, उंटाची खोगिरं होती. दर शनिवारी पर्यटक आले की तो छाती फुगवून सांगे, "तीस वर्षांत या घरी भरला कप ठेवून कोणी परत गेलेलं नाही."

एका दिवशी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर शेजारच्या वस्तीतले अबू मितअब चार वडीलधारे घेऊन आले. बसले, कप घेतला आणि खाली ठेवला. फहैदने एका शब्दाने विचारलं नाही. लगेच म्हणाला, "प्या अबू मितअब. मागाल ते दिलं."

"अल्ला तुझं भलं करो," अबू मितअब म्हणाले. "तुझ्या जवाहिरने माझ्या पुतण्यावर पोलिसांत तक्रार केलीये. ती मागे घे."

फहैदचा चेहरा पडला. मुलीचं मनगट प्लास्टरमध्ये होतं हे खरं, पण ती तर म्हणाली होती, जिन्यावरून पडले.

दाराआड जवाहिरने सगळं ऐकलं. ती इस्पितळात परिचारिका. त्या पुतण्याने आईचा नंबर उशिरा लागला म्हणून तिला ढकललं, आणि ती औषधांच्या गाडीवर आदळली. घरी सांगावं तर बाबा नोकरीच सोडायला लावतील, म्हणून गप्प राहिली होती. आता बाबांनी शब्द देऊन टाकलेला. इकडे आड तिकडे विहीर.

आणि गंमत बघा, एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने विषय घेतला होता इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांची सुरक्षितता. दोनशे बारा परिचारिकांना तिने विचारलं होतं, नातेवाइकांनी कधी हात उचलला का? एकशे एकतीस जणी हो म्हणाल्या. तक्रार केली एकोणीस जणींनी. बाकीच्यांनी का नाही केली, त्या रकान्यात बहुतेकींचं एकच उत्तर होतं: घरच्यांनी मिटवलं. ते वाचताना तिला त्या बायकांचा राग यायचा. इतकं काय घाबरायचं! आज कळलं.

फहैद आत आला. "जिना म्हणालीस ना मला?"

"हो बाबा."

"मग आता तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही कर. मी शब्द दिलाय. गावात तोंड कसं दाखवू?"

जवाहिरने डाव्या हाताने पेन उचललं. बापाची मान खाली जाताना तिला बघवेना, आणि सही केली तर स्वतःची वर होणार नव्हती.

"ठेव ते पेन," मुदावी आत्या म्हणाली. फहैदची ही थोरली बहीण चुलीपाशी वेलदोडे कुटत होती. "काय रे फहैद, अबू मितअबने माझी खजुराची बाग मागितली असती, तर दिली असतीस?"

"तुझी बाग मी कशी देऊ?"

"मग हिचं मनगट कसं दिलंस? दुसऱ्याच्या पातेल्यातलं वाढायला फार मोठं मन लागत नाही बाबा."

"रीत आहे ती, अक्का. आपल्या बापाने पाळली."

"बापाने स्वतःची घोडी दिली होती. लेकीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार नव्हता दिला. दुबळ्याला आधार मिळावा म्हणून कप खाली ठेवायचा. इथे दुबळं कोण आहे ते बघ जरा."

फहैदने प्लास्टरकडे पाहिलं. त्यावर मैत्रिणींनी नावं लिहिली होती. इस्पितळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बापाला नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. "लागलं तेव्हा मला का नाही गं सांगितलंस?" असं विचारलं खरं, पण उत्तर त्याचं त्यालाच समजलं.

तो बैठकीत परतला. जवाहिर दारात येऊन थांबली.

"अबू मितअब, माझं जे आहे ते मी दिलं," फहैद म्हणाला. "माझा राग सोडला. तुमच्याशी वैर धरणार नाही. पण मनगट तिचं आहे आणि तक्रारही तिची. तिला न विचारता बोललो, ती माझी चूक."

"म्हणजे भरला कप ठेवून आम्ही जायचं? तुझ्या घरातून?"

"काका," जवाहिर म्हणाली. "तुम्ही पाचजण आलात. ज्याने ढकललं तो कुठाय?"

अबू मितअबनी दाढीवरून हात फिरवला. "गाडीत बसलाय," ते हळूच म्हणाले.

"त्याने माफी मागितली तर ऐकीन. तक्रार मात्र राहील."

ते उठले. गाडीतून मात्र कोणी उतरलं नाही. कप तिथेच निवला.

जवाहिरने प्रबंधाच्या पाहणीचा एक फॉर्म स्वतःसाठी भरला. तक्रार केली का? हो. संशोधकाचा फॉर्म मोजणीत धरत नाहीत, म्हणून तो तिने वेगळा ठेवला.

तो कप फहैदने धुऊन संग्रहालयाच्या फळीवर मांडला. आता शनिवारी तो पर्यटकांना वेगळंच सांगतो: "हा कप या घरात भरलेलाच राहिला." आणि मंडळी, पुढचं वाक्य तुमच्या-माझ्या घरासाठीही आहे. भांडण मिटवायला बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ते ध्यानात ठेवावं: "'दिलं' म्हणण्याआधी विचारा, देताय ते कोणाचं आहे?"