चालवून बघितलेली बॅटरी

आमचं जावईबापू मल्हारराव मेंढरांजवळ आलं की नाकाला रुमाल लावत्यात, आन् मेंढरं कशी राखायची ते मला शिकवत्यात. जेवायला बसलं तरी वही मांडीवर. भाकरी मोडायच्या आधी व्होल्ट सांगणार. फौजेत बॅटऱ्यांचं काम केलं, तवापासनं त्यास्नी वाटतंय, आमी, म्हंजी ह्या हरणाबाईच्या, माझ्या घरातली माणसं नुसती अंधारात चाचपडत मोठी झालोय.

दिवाळी झाली की आमची मेंढरं जतकडनं निघत्यात, तासगाव मागं टाकून मेढ्याच्या अंगाला जात्यात. दर दोन-चार दिसांनी नव्या रानात तळ. तिथं वीज कुठली? गेल्या साली लांडग्यानं सात कोकरं नेली. औंदा तळावर एकतीस हुती, निम्मी अजून दुधावर. म्हणून माझ्या लेकीनं, राणीनं, नवऱ्याला धरून आणला. म्हणाली, "करंटची जाळी लावून द्या." जाळीला झटका देणारी एक डबी असती. ती टिकटिक करती तवर जाळी जिती.

डबी, दिवे आन् मोबाईल चालंल अशी, उन्हात सोलरच्या पाटीवर भरणाऱ्या बॅटऱ्यांची सोय जावईबापूंनी केली. दोन बॅटऱ्या सांगलीतनं नव्या आणल्या. दोन त्यांच्या थोरल्या भावानं दिल्या, ट्रॅक्टरवरनं उतरवलेल्या. एक जुनी, एक नवी अशा दोन जोड्या जुंपल्या, दोन पेट्यांत घातल्या. बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्याच्या दोन्ही अंगाला सारखं वजन. तेवढं मातूर बरं केलं.

"आवं, जुन्या-नव्या एका जोडीत कशाला?" म्या इचारलं.

"आत्या, मीटर बघा. चारी साडेबारा. सारख्या हायत."

"बसल्या जागी सारख्या हायत."

"म्हंजी?"

"काय न्हाई. भाकरी खावा."

त्या दिवशी दिवेलागणीला जाळी लागली. डबी टिकटिकली. कुत्री जाळीला शिवून केकाटत्यात म्हणून जावईबापूंनी ती बांधायला लावली. आमच्या धुळानं, माझ्या लेकानं, माझ्याकडं बघितलं.  जावयाचं मन मोडायचं न्हाई म्हणून म्या कुत्री बांधू दिली, ती माझी चूक.

चुलीवरचं कालवण उतरायच्या आत टिकटिक थांबली. कुत्री दाव्याला हिसकं द्यायला लागली. धुळा काठी घेऊन पळाला, तवर एक कोकरू गेलं हुतं. राणीनं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं, कपाळावर पांढऱ्या ठिपक्याचं.

सकाळी जावईबापू परत मीटर घेऊन हजर. "बघा आत्या, परत साडेबारा! बॅटऱ्या झकास हायत. डबीच खराब निघाली."

"रातभर बसलेली लंगडी मेंढी लंगडती व्हय?" म्या म्हणाले. "बाजारात उभी मेंढी कोण घेतंय? चार पावलं चालवत्यात. ह्यास्नी चालवलंसा का?"

"भावानं दिल्यात, आत्या. तो खोट्या देईल व्हय?"

"भाऊ खोटा म्हणत न्हाई म्या. त्यानं तरी कुठं चालवून बघितल्यात?"

मग जोड्या सोडवल्या. सोलरची वायर काढली. चारी बॅटऱ्यांना गाडीचा एकेक सारखा दिवा लावला आन् जावईबापूंना तिथंच बसवलं. मेंढरं चरायला निघाली. ती ओढा ओलांडून पल्याड जाईस्तवर दोन दिवं मिणमिणून इझलं. दोन्ही भावाच्या बॅटऱ्यांचं. सांगलीच्या दोघींचं दिवं मेंढरं माघारी येईस्तवर जळत हुतं.

"जुनी बसली की नवीला बी घेऊन बसत हुती," जावईबापू वहीत लिहीत म्हणालं, जणू ते त्यांनीच शोधलं.

"लिवा, लिवा. तारीख घाला."

नवीला नवी जुंपली. बॅटऱ्या दिवसभरात रित्या झालेल्या, म्हणून त्या राती कुत्री मोकळी ठेवली आन् जावईबापू सोता काठी घेऊन बसलं. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं हुतं, जोडी पोटभर भरली. सांजच्याला जाळी लागली. जेवणं झाली, भांडी घासली, तरी टिकटिक चालूच. पहाटं जाग आली ती टिकटिकीनंच. म्या जाळीपाशी उभी ऱ्हाऊन कोकरं मोजली, बोट दाखवून दोनदा मोजली. तीस. सगळी हुती.

जावईबापू मागं येऊन उभं. नाकाला रुमाल.

"आता खरं सांगा आत्या, कसं काम झालंय?"

"जोडी झकास हाय, मल्हारराव. तुमी मातूर अजून बसल्या जागी साडेबारा हायसा. त्यो रुमाल ठेवा खिशात आन् आज दिवसभर मेंढरांमागं चाला. तुमचं काय ते सांजच्याला सांगते."