उपरणं

भरतेशच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला मसुराएवढा डाग होता. मध्ये निळसर, कडेनं पिवळा पडत आलेला. म्हणजे काही दिवसांपूर्वीचा. त्याला खेटून एक लाल ठिपका होता. त्यावरचं रक्त अजून नीट सुकलं नव्हतं.

कस्तुरीनं कढणाचा चमचा नवऱ्याच्या, भरतेशच्या, तोंडापर्यंत नेला होता. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा उपवास नुसत्या पाण्यावर पुरे करून तो आज पारण्याला पाटावर बसला होता. पहिला चमचा बायकोचा. तो घ्यायला वाकताना त्याचं पांढरं उपरणं घसरलं, आणि हात उघडा पडला.

चमचा तिथंच थांबला.

"भरवा की वहिनी," चुलतदीर जिनेंद्र म्हणाला. "दहा दिस उपाशी हाय माणूस. आता लाजताय व्हय?"

सोपा पाहुण्यांनी भरला होता. सगळे हसले. तपस्व्याच्या मिरवणुकीसाठी बाहेर बँडवाले आले होते, सजवलेला घोडा खुरानं फरशी खरवडत होता. सासरे, जिनदत्तआण्णा, मुलाचं कौतुक सांगत होते. पुराच्या पाण्यात पुलावरून उडी टाकणारा हाच, हात सोडून बुलेट पळवणारा हाच. आता तीच रग धर्माकडं वळली. दहा दिवसांत पोरगा दुपारचासुद्धा आडवा झाला नाही, की एकदा भूक म्हणाला नाही.

कस्तुरी सांगलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. भूक आणि झोप का मेली, ते तिला आता कळलं. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब उतरलेल्या माणसाला देतात ते इंजेक्शन भरतेशनं आधी जिममध्ये घेतलं होतं, नुसती वजनं उचलणं त्याला अळणी लागायला लागलं म्हणून. उन्हाळ्यात हे व्यसन सोडवायला ती त्याला मिरजेच्या दवाखान्यात दाखल करायला निघाली होती. घराचं नाव जाईल म्हणून आण्णांनी त्याला मुनिमहाराजांपुढं नेलं आणि सुई सोडायचा नियम घ्यायला लावला. नियम घेतला म्हणजे सुटलं, असं घरानं धरलं. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानं सोडलं काहीच नव्हतं. त्याला फक्त उडी टाकायला आणखी उंच पूल सापडला होता.

तिनं वाटी खाली ठेवली आणि त्याच्या मनगटावर बोटं टेकवली. एका म्हातारीला वाटलं, सून तपस्व्याला नमस्कार करतेय. तिनंही बसल्या जागी हात जोडले. नाडी बोटांखाली नुसती धडधडत होती. मध्येच एखादा ठोका चुकत होता.

"आज कधी घेतलंत?" तिनं हळू विचारलं.

"मिरवणूक झाल्यावर बोलू." जबडा आवळलेला असूनही तो हसला. डोळ्यांतली बुबुळं मोठी, काळीभोर दिसत होती. "ब्राह्मीला आण. घोड्यावर पुढं घेतो तिला. गल्लीच्या तोंडापासनं पळवतो बघ. लय मजा येतीय."

त्यांची चार वर्षांची लेक ब्राह्मी परकर सावरत दारात उभी होती. भरतेशच्या उपाशी देहात ते काळीज कधीही थांबू शकत होतं, आणि बाहेर बँड वाजणार होता.

आण्णांना हे सांगायला हवं, असं वाटून ती त्यांच्याकडं वळली.

आण्णा पाहुण्यांशी बोलतच होते. बोलता बोलता त्यांचा हात खाली आला. त्यांनी घसरलेलं उपरणं उचललं, मुलाच्या कोपराच्या आत नेमकं त्या डागावर टाकलं आणि वरून तळवा दाबला. कुठं झाकायचं ते बघावंसुद्धा लागलं नाही.

"भरव पोरी," ते म्हणाले. "लोक थांबल्यात."

कस्तुरीनं आधी ब्राह्मीला जवळ ओढलं. मग आण्णांचा हात बाजूला केला, उपरणं काढलं, आणि घडी घालून पाटाशेजारी ठेवलं. घडी नीट बसत नव्हती. तिनं ती पुन्हा घातली. सोप्यातला आवाज हळूहळू कमी झाला.

"आण्णा, घोडा परत पाठवा," ती म्हणाली. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात. "ह्यांचा उपास सुईवर झालाय. मी ह्यांना मिरजेला दाखल करायला नेते. आत्ता."