ठिणगीचं खरं वजन

मी वजनकाटा बोलतोय. जरा हळू आवाजातच बोलतो, कारण या क्षणी माझ्या झोळीत एक गृहस्थ, वय महिने चार, गाढ झोपले आहेत. ते उठले की अख्खं गाव उठतं.

वर कडी, मध्ये गोल तबकडी, खाली आकडा आणि आकड्याला कापडी झोळी, असा माझा थाट. कारखान्यात जन्मलो तेव्हा वाटलं होतं, कांदे-बटाटे तोलण्यातच आयुष्य जाणार. पण माझं नशीब जोरावर! या गावच्या बालकेंद्राच्या तुळईला मला टांगलं आणि माझ्या वाट्याला बाळं आली. बटाटे कधी खुदकन हसत नाहीत हो! पहिल्याच दिवशी एका बाळाने मला ओलंचिंब केलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

केंद्र सांभाळायच्या ताई. दर सोमवारी वजनं व्हायची. जे बाळ कमी भरेल त्याला केंद्रात दूध, अंडं आणि डॉक्टरांची तपासणी. सगळं झकास चाललं होतं. मग सरपंचांच्या डोक्यात एक कल्पना शिरली.

सरपंच मनाने सोन्यासारखे, पण उत्साहाला आवर नाही. "ताई, ज्या घरचं मूल कमी भरेल, त्या घराचं नाव कचेरीबाहेरच्या फळ्यावर लिहू. लाजेकाजेस्तव तरी लोक खाऊ घालतील!"

ताई "नको हो" म्हणेपर्यंत सरपंचांनी खडू आणलासुद्धा.

आणि काय चमत्कार! पुढच्या सोमवारी एकही मूल कमी भरेना. सरपंच गावभर पेढ्यासारखी बातमी वाटत फिरले. मी मात्र चक्रावलो. बाळं तीच, दंड तेवढेच बारीक, आणि सुई कशी पुढे पळतेय? झोळीत काहीतरी टणक टोचत होतं. पण तिथे माझी फक्त सुई बोलते, मला कोण विचारतो?

त्यात लोहाराची लेक ठिणगी होती, दहा महिन्यांची. आईबाप दिवसभर भट्टीपाशी, ती आजीच्या काखेत. तापातून उठल्यापासून तिचं खाणं सुटलं होतं. या वयाला पावणेसात किलो तरी हवेत, आणि माझी सुई दर सोमवारी नेमकी पावणेसातावर!

"आजी, पोर उतरलेली दिसते हो," ताई म्हणायच्या.

"आमच्यात सगळे काटकच!" आजी म्हणायची आणि नजर चुकवायची.

म्हणजे दूध नाही, अंडं नाही, डॉक्टर नाही. तिच्या लाथांमधला जोर आठवड्यागणिक कमी होत होता आणि ते फक्त मला कळत होतं. मला फार वाईट वाटायचं.

चौथ्या सोमवारी सरपंच माझ्याखाली फोटो काढून घ्यायला आले. त्यांनी ठिणगीसमोर मिशी उडवून दाखवली. ठिणगी कधी नव्हे ती खदखदून हसली, सगळा जीव एकवटून तिने लाथ झाडली, आणि तिच्या स्वेटरमधून अर्धा किलोचा लोखंडी तुकडा सुटून थेट सरपंचांच्या अंगठ्यावर!

"आई गं!"

माझी सुई झर्रकन मागे आली. सव्वासहा.

आजी खाली बसून रडायला लागली. "फळ्यावर माझ्या लेकाचं नाव नको होतं गं. तो मरमर राबतो आणि लोक म्हणणार, पोरीला उपाशी ठेवतात. पोर हलकी होत गेली, मी लोखंड वाढवत गेले."

ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांकडे नुसतं पाहिलं. झालं! शिंप्याच्या नातवाच्या टोपीतून कुलूप निघालं. मास्तरीणबाईंच्या लेकाच्या दुपट्यातून चक्क खलबत्त्यातला बत्ता निघाला! हसून हसून बायांची पुरेवाट झाली, मी तुळईला लटकल्या लटकल्या गदागदा हललो. मग सगळ्यांची खरी वजनं झाली. सात मुलं कमी भरली, आणि हसू आपोआप थांबलं.

सरपंच लंगडत कचेरीकडे गेले, स्वतःच्या बाहीने फळा पुसला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत एकच नाव लिहिलं. स्वतःचं.

त्याच संध्याकाळी ग्रामसभा भरली. पंचायतीने मुलांना दिवसातून चार वेळा खायला द्यायचं ठरवलं. भरवायला प्रत्येक गल्लीने पाळी घेतली. डॉक्टर दर आठवड्याला गावात येऊ लागले. दुधाची बरणी रोज कोण आणायचं? अंगठ्याला पट्टी बांधलेले सरपंच!

तीन महिन्यांनी आजीने ठिणगीला नुसत्या झबल्यात आणलं आणि आपले दोन्ही हात उघडे करून सगळ्यांना दाखवले. ठिणगीने अशी लाथ मारली की सुई थरथर नाचली आणि साडेसातावर थांबली. आजी ओरडली, ताई ओरडल्या, सरपंच तर त्याच अंगठ्यावर उडी मारून पुन्हा कळवळले!

आता मी म्हातारा झालोय. कडी गंजलीय, तबकडीवर पोपडे आलेत. पण सोमवारी बाळांच्या आधी माझीच परीक्षा असते. सहा वर्षांची ठिणगी स्टुलावर चढते, आजीचा तोच लोखंडी तुकडा माझ्या आकड्याला लावते आणि डोळे बारीक करून सुई बघते. "बरोब्बर अर्धा किलो! काटा खरं बोलतोय!"

तेव्हा बाळाला खुशाल आणा. कमी भरलं तर लाजू नका, ताईंना सांगा. माझ्या झोळीत फक्त बाळ ठेवा, बाकीचं ओझं गाव उचलेल.