शाळेमागची टाकी

"दगड उचल गं पारू, टाकी तिथं न्हाई," गावातली म्हातारी गुरम्मा म्हणाली.

"उचलत न्हाई," बौद्धवाड्यातली पारूबाई जागची हलली नाही. "तुमच्या गल्लीत ठिवला तर आमी पाण्याला कुठं जावं?"

शाळेच्या पटांगणात राखेनं अख्खं गाव आखलं होतं. घरांच्या जागी ज्वारीची धसकटं आणि टाकीसाठी एक पांढरा दगड. चाळीसेक बाया भोवती उकिडव्या बसल्या होत्या. सिंधु मध्ये पडली नाही. बायांनीच बोलायचं, असं ठरलं होतं.

या बैठकीची आखणी तिनं आणि विरूपाक्ष सरांनी चार दिवस आधी तिच्याच ओसरीत बसून केली होती. सर लातूरच्या, पाण्याची कामं करणाऱ्या एका संस्थेत होते. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती, त्यात दुष्काळ. अशा संस्थांच्या जीपा निलंग्याच्या बाजूला गावोगाव फिरत. टाकी कुठं बांधायची ते गावच ठरवील, असं सर म्हणाले होते. सिंधु बालवाडीची बाई, बौद्धवाड्यातली, सातवी शिकलेली. तिनं सांगितलं, बैठक चावडीत नको, आमच्या बाया ती पायरी चढणार नाहीत. सकाळी नको, सगळ्या खडी फोडायला जातात. सरांनी शब्द न् शब्द वहीत उतरवला. उठताना तिच्या घरचं पाणी मागून प्यायले. लिंगायत माणूस आपल्या घरी पाणी प्याला, हे तिनं नंतर किती जणींना सांगितलं असेल, त्याला मोजदाद नाही.

वाद तासभर चालला. शेवटी गुरम्माच गुडघ्यावर हात ठेवून उठली. "शाळंच्या मागं ठिव. मला लांब पडंल, पर तिथं कुणाला कुणाच्या दारावरनं जावं लागत न्हाई."

मग पारूबाईनं दगड उचलला आणि शाळेमागं नेऊन ठेवला.

सिंधुनं त्रेचाळीस अंगठे घेतले. एकेकीचं बोट स्वतः धरून शाईत बुडवलं. "कशावर गं अंगठा?" एकीनं विचारलं.

"आपण ठरवलं त्यावर," ती म्हणाली.

महिन्याभरानं लातूरला आढाव्याची बैठक होती. बारा गावांची माणसं आली होती. सभा सुरू व्हायला वेळ होता, म्हणून सरांनी तिला गावाचा नकाशा भिंतीवर लावायला सांगितलं. तिनं तो उलगडला. निळ्या रेघांतून आपलं गाव शोधायला तिला थोडा वेळ लागला. शाळा सापडली. शाळेमागं काही नव्हतं. टाकी गावाच्या वरच्या अंगाला होती, बागायतदार अमृतराव पाटलांच्या फाटकाशी. तिथं बौद्धवाड्यातलं माणूस कामाखेरीज जात नसे. कोपऱ्यात तारीख होती, चौदा जानेवारी. खाली टाचणीनं त्रेचाळीस अंगठे जोडलेले, वर लिहिलेलं, 'जागा सर्वानुमते निश्चित'.

"सर, ही तारीख जानेवारीची हाय. बाया बसल्या त्या मार्चात."

विरूपाक्ष सरांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. "जागा अमृतरावांनी दिली. कागद आधीच वर गेले होते."

"तुमाला म्हाईत होतं?"

"हो."

"माझ्या ओसरीत बसला होता, तवा बी?"

सर हळूच म्हणाले, "बैठक दाखवल्याशिवाय मंजुरी मिळत नाही, सिंधुताई. टाकी तरी होईल. नाहीतर तीही गेली असती."

ते खोटं बोलत नव्हते. तिला तेच सोसेना.

सभेत तिचं नाव पुकारलं, अनुभव सांगा म्हणून. ती उभी राहिली. पदर घट्ट धरून म्हणाली, "बायांनी दगड शाळंमागं ठिवला. नकाशात टाकी पाटलाच्या फाटकाशी हाय, अन् नकाशा बैठकीच्या दोन महिने आधीचा हाय. आमच्या अंगठ्यांचा कागद मला परत द्या."

अध्यक्षस्थानचे गृहस्थ कौतुकानं हसले. "पाहा, ताई किती मोकळेपणानं बोलल्या. आपल्या पद्धतीचं हेच यश आहे. नोंद घ्या." टाळ्या वाजल्या. विरूपाक्ष सरांनीही वाजवल्या.

कागद मिळाला नाही. ती संध्याकाळच्या एसटीनं परतली.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर ती सांगायला निघाली. पहिलं घर पारूबाईचं. पारूबाई दारात सुपात ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला म्हाईत नव्हतं?"

"न्हाई."

पारूबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं," म्हणाली आणि पुन्हा सुपात मान घातली. बस म्हणाली नाही.

दुसऱ्या घरी तोच प्रश्न. तिसऱ्या घरीही तोच. सरजाबाईनं तर सरळच विचारलं, "तुला नोकरी द्यायचं कबूल केलं व्हतं का त्या सरानं?" सिंधुनं नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या दाराशी गेली. बौद्धवाडा संपला, तशी ती गावात शिरली.

गुरम्मा उंबऱ्यात बसली होती. सिंधु पायरीखाली उभी राहिली आणि खालच्या आवाजात सांगू लागली. म्हातारीनं कानामागं हात धरला.

"मोठ्यानं सांग, यव्वा. मला ऐकू येत न्हाई."

समोरच्या माडीवर अमृतरावांची माणसं बसली होती. सिंधुनं एकदा तिकडं पाहिलं. मग पहिल्यापासून, गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली.