मधला काळा तुकडा

माझ्या आत्याच्या सिनेमातली माणसं एकमेकांवर प्रेम करतात आणि बघणारे त्यांना बहीण-भाऊ समजतात. हे एकदा नाही, दोनदा झालं.

पहिल्या सिनेमात गिरणीतले दोन कामगार एकाच सायकलवरून सक्करदऱ्याच्या तलावाकडे जातात. मागे बसलेला पुढच्याच्या पाठीला कान लावतो आणि डोळे मिटतो. बस, एवढंच. आमच्या शेजारच्या रुखमाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, असा भाऊ सगळ्यांले भेटो. दुसऱ्या सिनेमात एका मुलीचं लग्न ठरतं आणि तिच्यासोबत खोली घेऊन राहणारी मुलगी तिची पेटी भरून देते. भरते, रिकामी करते, पुन्हा भरते. तेव्हाही सगळ्यांना त्या सख्ख्या बहिणीच वाटल्या. आत्या हसून चहा देत राहिली. लोक गेल्यावर कप उचलता उचलता मला म्हणाली, "जयू, तिसऱ्यात मी बोलूनच टाकतो, पाह्य."

मी जयवंता, दहावीत आहे. यंदा गॅदरिंगमध्ये माझं भाषण पहिलं आलं. तेव्हापासून ही पोरगी घरातसुद्धा माइक धरूनच बोलते, असं आईचं म्हणणं. खोटं नाही ते. मला एका जागी बसवतच नाही. मला वाटतं, सगळ्यांनी सगळं बोलावं, आत्ताच्या आत्ता, मोठ्यानं.

आत्याचं नाव चंद्रकला. ती बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरी राहते. घरातला माग बाबांनी कधीच काढून टाकला. ते आता कापडाच्या दुकानात जातात आणि मागाच्या जागी आत्याचं टेबल आहे. लग्नं, बारशी, साठीशांत असं सगळं ती सुपर एट कॅमेऱ्यावर काढते. हा कॅमेरा बोटभर रुंदीचीसुद्धा नाही अशी पट्टी खातो. पट्टी धुवायला मुंबईला पाठवायची आणि पोस्टाची वाट बघायची. जी परत येते तीच एक. दुसरी प्रत नसते. म्हणून आत्याच्या टेबलाला कोणी नुसतं बोट लावलं तरी ती ओरडते, आणि स्वतः पांढरे सुती मोजे हातात घालून काम करते. आता व्हिडिओवाले आलेत, त्यामुळे लग्नाची बोलावणी कमी झालीत. आई म्हणते, बरं झालं. आत्या म्हणते, बरंच झालं, आता आपल्या सिनेमाले वेळ भेटते. दोघींच्या बरं झालं मध्ये फार फरक आहे.

तिच्या सिनेमात आवाज नसतो. आवाज कॅसेटवर वेगळा असतो, आणि पडद्यावर चित्र सुरू होतं त्याच क्षणी टेप सुरू करायचं काम माझं. नागपुरात व्होल्टेजचा काही भरवसा नाही. दिवा मंद झाला की प्रोजेक्टर रेंगाळतो आणि टेप आपली पुढे पळते. मग बाई तोंड मिटून बसलेली दिसते आणि आवाज चालू. म्हणून मी बटणावर बोट ठेवून श्वास धरून बसते. मला श्वास धरायला लावणारी जगात ही एकच गोष्ट आहे.

तिसऱ्या सिनेमाचं नाव 'सुटीचा वार'. दोन बायका रविवारी केस धुतात, गच्चीवर वाळवतात, एक दुसरीचे विंचरून देते. गच्ची होती प्रताप नगरातली, कौशल्याबाईंच्या खोलीवरची. कौशल्याबाई आमच्या शाळेत भूगोल शिकवतात. शाळेत मी त्यांना बाई म्हणते, आणि आत्यासोबत त्यांच्याकडे गेले की मावशी. आत्या दर रविवारी त्यांच्याकडे जाते. का जाते, ते आमच्या घरात कोणी विचारत नाही. बाबा तर रविवारी सकाळीच तिच्या सायकलीत हवा भरून ठेवतात.

त्या दोघींतली एक आत्या, दुसऱ्या कौशल्याबाई. दोघी चित्रात असल्या की कॅमेरा माझ्याकडे. नुसत्या पाठी, केस, कंगवा, पाण्याचे ओघळ. चेहरा कोणाचाच नाही. फक्त मध्ये एकदा कौशल्याबाई कॅमेऱ्याकडे वळून बघतात आणि बोलतात. तेव्हा कॅमेरा आत्यानं घेतला आणि मी टेप बाईंच्या हनुवटीखाली धरली. केस ओले होते, नाकावर थेंब होता. त्या म्हणाल्या, "सगळे विचारतात, लग्न काहून नाही करत. करायचं आहे नं. जिच्यासोबत जन्म काढायचा आहे, ती आत्ता माझ्यासमोर कॅमेरा धरून उभी आहे."

मला वाटलं होतं की लिहिलेलं वाक्य असेल. आत्याकडे बघितलं तर ती कॅमेऱ्यामागे रडत होती. कॅमेरा घरघरत होता आणि ती घरघर टेपवर आली. तेव्हा मला समजलं. खरं सांगायचं तर आधीच समजलं होतं, पण कानांनी ऐकलं ते तेव्हा.

"तू म्हणशील तर हे काढून टाकीन," आत्यानं त्यांना त्याच दिवशी शब्द दिला होता.

रीळ धुऊन आलं. धरमपेठेत दत्तोपंत नावाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्या घरी रविवारी सकाळी काही मंडळी जमून वेगळे सिनेमे बघतात. त्यांनी आत्याला बोलावलं. मी तर नाचायलाच लागले. आत्तापर्यंत आम्ही आमच्या गल्लीत दाखवत होतो, आता धरमपेठ! आदल्या शुक्रवारी कौशल्याबाई बघायला आमच्याकडे आल्या. भिंतीवर धोतर लावलं, दार लावलं, मी टेप सोडली. त्यांचा चेहरा भिंतभर झाला. नाकावरचा थेंब लिंबाएवढा.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "चंदे, हे काढून टाक वं."

"काहून?"

"मले सोमवारी वर्गात उभं राहा लागते."

आत्या रीळ उलटं गुंडाळायला लागली, म्हणून मी बोलले. भरपूर बोलले. की मग सिनेमा कशाला काढला, की पुन्हा सगळे बहिणी म्हणतील, की कोणीतरी पहिल्यांदा बोलावंच लागतं. माझं भाषण चांगलं होतं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पहिला नंबर तुझा आला, जयू. नोकरी माझी आहे."

मी तोंड फुगवून कोपऱ्यात बसले. आत्यानं मोजे घातले, कातरी घेतली आणि दिलेला शब्द पाळला. पण तुकडा नुसता काढला असता तर चित्र पुढे गेलं असतं, टेप मागे राहिली असती आणि उरलेला सगळा सिनेमा चुकला असता. तिथं तेवढ्याच लांबीचं काहीतरी सांधणं भाग होतं. आत्याकडे एक पूर्ण काळं रीळ होतं. उमरेडच्या एका लग्नात भिंगावरचं झाकण काढायचं ती विसरली होती आणि नवरीची सगळी पाठवणी काळी निघाली होती. त्यातला तुकडा तिनं जोडला. आवाज राहू द्यायचा का, असं तिनं विचारलं. आवाज कोणाचा ते कोण ओळखते, असं बाई म्हणाल्या. कापलेली पट्टी आत्यानं पावडरच्या रिकाम्या डबीत गुंडाळून त्यांच्या हातात दिली. म्हणाली, "तुझी आहे, तू ठेव."

रविवारी दत्तोपंतांच्या बैठकीत खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. वीस-पंचवीस माणसं असतील, बहुतेक पुरुष. दत्तोपंतांच्या पत्नी अंजनाबाई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसल्या होत्या. कौशल्याबाई मागच्या भिंतीशी बसल्या. मी टेपशी. आणि सगळ्यांच्या शेवटी, धापा टाकत, भैयाजी आले.

भैयाजी म्हणजे आमच्या शाळेच्या कमिटीतले. धान्याचा व्यापार आहे त्यांचा. बक्षीस समारंभात माझ्या हातात कप त्यांनीच दिला होता. दत्तोपंत त्यांचे शेजारी, म्हणून सहज आले. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे शांत बस. तुकडा कापला ते किती बरं झालं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

सिनेमा सुरू झाला. त्या दिवशी व्होल्टेजसुद्धा शहाण्यासारखं वागलं. केस, पाणी, कंगवा. मग पडदा काळा झाला. काळ्यातून घरघर आणि एका बाईचा आवाज, की जिच्यासोबत जन्म काढायचा ती समोर कॅमेरा धरून उभी आहे. कोणीतरी म्हणालं, दिवा गेला का? मग पुन्हा गच्ची आली, वेणी घातली गेली, संपलं.

टाळ्या वाजल्या. एका खिडकीची घोंगडी काढली, चहा आला आणि चर्चा सुरू झाली. दत्तोपंत खूश होते. म्हणाले, तो मधला अंधार म्हणजे सिनेमाचा गाभा आहे. ही स्त्री संसार नाकारून कलेला वरते. कॅमेरा म्हणजे कला. कलेला चेहरा नसतो, म्हणून अंधार. एक दाढीवाले म्हणाले की नाही, अंधार म्हणजे समाज. दुसरे म्हणाले, मृत्यू. तिघांची जुंपली. आत्या मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिसऱ्यांदा तेच. या वेळी बहिणीसुद्धा नाही, थेट कला! मला इतकं बोलावंसं वाटत होतं की मी जीभ दातांत धरली. पण ते माझं बोलायचं नव्हतं. एवढं शुक्रवारी शिकले होते.

"आता चंद्रकलाताईंनीच सांगावं," दत्तोपंत म्हणाले. "तो अंधार नेमका कशाचा?"

आत्यानं तोंड उघडलं. तिला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायला तिला मनाई होती. ती एकेका बोटावरचा मोजा ओढून सारखा करत बसली. कोणीतरी हसलं. म्हणालं, दिग्दर्शिकेलाच माहीत नाही राव.

"तिथं मी होते," मागून आवाज आला.

सगळे वळले. कौशल्याबाई उभ्या राहिल्या होत्या. वर्गात नकाशा टांगताना राहतात तशा सरळ.

"अंधार कशाचा नाही. तिथं माझा चेहरा होता. मीच काढायला लावला, तिनं आपणहून नाही कापला. आवाज माझा आहे. आणि कला वगैरे नाही. कॅमेरा चंद्रकलानं धरला होता."

दाढीवाल्यांनी कप खाली ठेवला तो बशीबाहेर ठेवला. आत्यानं वळून बाईंकडे बघितलं.

दत्तोपंत म्हणाले, "म्हणजे भूमिका म्हणून...?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मग अंजनाबाई पाटावरून उठल्या. हात पदराला पुसून म्हणाल्या, "तो तुकडा कुठे आहे मग? दाखवा ना."

बाईंनी पर्समधून पावडरची डबी काढली. म्हणजे आणली होती! आत्या पुन्हा सांधून देते म्हणाली, थोडा वेळ लागेल. पण अंजनाबाई तोवर पट्टी घेऊन खिडकीशी पोचल्या होत्या, मोजे नाहीत, काही नाही, उघड्या बोटांनी. उन्हात धरून एक डोळा मिटला. चित्रं केवढी, तिळाएवढी. खूप वेळ बघत राहिल्या.

"केस ओले आहेत," त्या म्हणाल्या. "सुरेख दिसताय." आणि पट्टी शेजारच्या माणसाकडे दिली.

ती हातातून हातात जाऊ लागली. ज्याच्याकडे यायची त्याला उठून खिडकीपर्यंत यावं लागायचं, मान वर करून बघावं लागायचं. पडद्यावर असती तर बसल्या बसल्या बघून झालं असतं. पट्टीवर बोटांचे ठसे उठत होते आणि आत्या एकदाही ओरडली नाही. दाढीवाल्यांनी बघितलं आणि पट्टी पुढे दिली. एक जण पट्टी न घेताच चपला घालून निघून गेला. शेवटी ती भैयाजींकडे आली.

भैयाजींनी ती दोन बोटांत लांब धरली. खिडकीशी गेले. वर केली, खाली केली.

"मले काही दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. "चश्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मला दिसत होता, सगळ्यांना दिसत होता. ते बाईंकडे बघत नव्हते, बाहेर रस्त्याकडे बघत होते. मला कळलं, ते बाईंना वाट करून देत होते. बाईंनी गप्प बसायचं, पट्टी परत घ्यायची, आणि सोमवारी भूगोलाचा तास व्हायचा. माझे हात इतके वळवळत होते की मी ते मांडीखाली घेतले. घ्या ना बाई, घ्या परत, असं मी मनात म्हणत होते. मी, जिला सगळ्यांनी मोठ्यानं बोलायला हवं होतं.

बाई खिडकीपर्यंत चालत गेल्या.

"चश्मा तुमच्या खिशात आहे, भैयाजी," त्या म्हणाल्या.

भैयाजींनी खिशावर हात ठेवला. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं दोन्ही काचा पुसल्या, एक काडी कानावर, मग दुसरी. पट्टी उन्हात धरली. वरून खालपर्यंत एकेक चित्र सरकवत गेले. मध्येच थांबून त्यांनी एकदा आत्याकडे बघितलं, पुन्हा पट्टीकडे.

"दिसल्या," ते म्हणाले.

पट्टी बाईंना परत न देता त्यांनी ती आत्याच्या मोजे घातलेल्या हातात ठेवली. आत्यानं एक मोजा काढला, मग दुसरा, आणि ती पट्टी उघड्या हातानं धरून बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.