छातीची ऊब

मुलगी दोन महिने आधीच जन्मली. वजन जेमतेम दीड किलो. तिची आई ऑपरेशननंतर अजून उठून बसतही नव्हती, म्हणून नर्सबाईंनी बाहेर बाकावर बसलेल्या बापाला आत बोलावलं.

"शर्ट काढा आणि हिला छातीशी धरून बसा. हिला माणसाची ऊब हवीय."

बाप ट्रक ड्रायव्हर. भरलेला ट्रक घाटातून उतरवताना न डगमगणारा तो शर्टाच्या पहिल्याच बटणाशी अडखळला. त्याची आई तर दारातच उसळली, "अहो बाई, हे बायकांचं काम! पुरुषाला कुठे जमतंय?"

"आई, ऊब बाईची की बाप्याची, ते हिला कुठे कळतंय?" असं म्हणत त्याने शर्ट काढला.

कण्हणारं ते मूठभर पोर त्याच्या छातीवर हळूहळू शांत झालं. तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

मग तो रोज सकाळ-दुपार चार-चार तास बसू लागला. भेटायला आलेले ड्रायव्हर मित्र दारातून हसले, "काय रे, बाळंतीण झालास की काय?"

"झालो," तो म्हणाला. "हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

एकविसाव्या दिवशी काटा दोन किलोंच्या पुढे गेला आणि घरी जायची परवानगी मिळाली. बायको आता हिंडूफिरू लागली होती. तिने हसत पोरीला दुपट्यात गुंडाळून पुन्हा त्याच्याच हातात दिलं. तो ताठ मानेने निघाला. पुढे चालणारी त्याची आई भेटेल त्याला थांबवून सांगत होती, "माझ्या लेकानं वाढवलीय हो, स्वतःच्या छातीवर!"